शिनेड ओ'कॉनरचं पोस्टर काढलंत, आता कारणही सांगा: सभागृह समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
सभागृह व्यवस्थापन समिती, नागपूर

स. न. वि. वि.

१६ जुलैला दुपारी तुमच्या कार्यालयातल्या शिपायाने माझ्या हातात एक पाकीट दिलं. आत एकाच वाक्याचं पत्र. ‘सदर कार्यक्रमातील गायिका वादग्रस्त असून धार्मिक भावना दुखावण्याची शक्यता विचारात घेता दि. २६ जुलै रोजीचे आरक्षण रद्द करण्यात येत आहे.’ खाली गोल शिक्का आणि नाव लागणार नाही अशी सही. पाकिटावर माझं आडनावही चुकलेलं होतं.

सभागृहाचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्ही ओळखाल, तेवढं पुरे. मला कुणाची बदनामी करायची नाही, उत्तर हवं आहे. आणि ते चार भिंतींच्या आत मिळत नाही असं दिसल्यावर हे पत्र उघड्यावर लिहिते आहे.

मी लक्ष्मीनगरात २२ वर्षं गिटार शिकवते. २६ जुलै हा शिनेड ओ'कॉनर या आयरिश रॉक गायिकेचा स्मृतिदिन. २०२३ साली लंडनमध्ये तिचं निधन झालं, ५६ वर्षांची होती. माझ्या ९ विद्यार्थिनी आणि कीबोर्डवर एक मुलगा तिची ११ गाणी सादर करणार होते. तिकीट नव्हतं. मध्यंतरात दहा मिनिटं १०९८ या चाइल्डलाइनच्या, म्हणजे संकटातल्या मुलांसाठीच्या मदतसेवेच्या, क्रमांकाची माहिती द्यायची होती. मे महिन्यात अर्ज दिला, गाण्यांची यादी जोडली, अनामत भरली. पावती माझ्याकडे आहे. तेव्हा कुणालाही काही वावगं वाटलं नाही.

पत्र वाचून मी तशीच स्कूटर काढून सभागृहावर आले. पाऊस भुरभुरत होता. दर्शनी काचेवरचं आमचं पोस्टर निघालेलं. चारी कोपऱ्यांत सेलोटेप आणि तिच्याखाली अडकलेले कागदाचे तुकडे तेवढे राहिले होते, एका तुकड्यावर तिच्या मुंडण केलेल्या डोक्याची कड. चौकीदार काका म्हणाले, “म्याडम, मले सांगतलं काढा, मी काढलं. तुम्ही मनाले लावून नका घेऊ.” उरलेलं पोस्टर त्यांनी घडी घालून टेबलाच्या खणात जपून ठेवलं होतं, ते मला दिलं. त्यांचा यात काडीचा दोष नाही, आणि या पत्रापायी त्यांना कुणी एक शब्द बोलू नये, हे आधीच सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी तुमच्यापैकी तिघे मला भेटले. वेळ दिलात, त्याबद्दल आभार. लेखी पत्रात नसलेली कारणं तिथे तोंडी सांगितली गेली. या बाईने पोपचा फोटो फाडला. राष्ट्रगीताला विरोध केला. धर्म बदलला. तिच्या डोक्यावर परिणाम झालेला होता. आणि गाण्याच्या कौटुंबिक कार्यक्रमात ‘तसले’ विषय कशाला? प्रत्येक कारणाचं उत्तर मी देणार आहे, पण फोटोचं आधी, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

३ ऑक्टोबर १९९२. न्यूयॉर्कमधला ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा थेट प्रक्षेपणाचा कार्यक्रम. शिनेड २५ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ या गाण्याने ती जगभर पोचली होती. त्या रात्री तिने जमैकाचा गायक बॉब मार्ले याचं ‘वॉर’ गायलं, साथीला एकही वाद्य नाही. हे गाणं इथिओपियाचे सम्राट हेले सेलासी यांनी १९६३ साली संयुक्त राष्ट्रसंघात केलेल्या भाषणावरून बांधलेलं आहे. वर्णभेदाविरुद्धच्या या गाण्यात तिने लहान मुलांवरच्या अत्याचारांचा उल्लेख घातला. गाणं संपता संपता कॅथलिक चर्चचे प्रमुख पोप जॉन पॉल दुसरे यांचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला, फाडला आणि म्हणाली, खऱ्या शत्रूशी लढा. टाळी वाजली नाही. स्टुडिओत नुसती शांतता.

तो फोटो बाजारातून आणलेला नव्हता. तिच्या आईच्या खोलीतल्या भिंतीवरचा होता. पोप १९७९ साली आयर्लंडला आले, त्या वेळचा. त्या आईने तिला लहानपणी बेदम मारलेलं होतं. १९८५ साली आई अपघातात गेली, तेव्हा शिनेडने तो भिंतीवरून काढून घेतला आणि सात वर्षं जवळ बाळगला. सात वर्षं सांभाळलेली वस्तू कुणी प्रसिद्धीसाठी फाडत नाही, असं मला वाटतं.

किशोरवयात तिला डब्लिनच्या ड्रमकाँड्रा भागात, हाय पार्क इथे नन्स चालवत असलेल्या सुधारगृहात ठेवलं होतं. त्याच आवारात मॅग्डलीन लाँड्री होती. ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या मुलीबाळींना कोंडून फुकट कपडे धुवायला लावणाऱ्या या जागा. फोटो फाडल्याच्या पुढच्याच वर्षी, १९९३ साली, हाय पार्कमधली जमीन विकली गेली आणि तिथे पुरलेल्या स्त्रियांचे अवशेष बाहेर काढावे लागले. १५५ स्त्रिया. अनेकींच्या मृत्यूची सरकारदरबारी नोंदसुद्धा नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण मी गिटार शिकवते. तिची पहिली गिटार तिला त्याच सुधारगृहातल्या एका ननने घेऊन दिली होती. शिनेडने हे पुढे कृतज्ञतेने सांगितलं. चर्चविरुद्ध बोलतानाही त्या एका बाईचं ऋण ती विसरली नाही. म्हणून तिला ‘धर्मद्वेष्टी’ म्हणू नका, अशी माझी विनंती आहे. ती मरेपर्यंत देव मानणारी बाई होती.

त्या रात्रीनंतर अमेरिकेत तिच्या रेकॉर्डवर रोडरोलर फिरवले गेले. तेराच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉब डिलन या अमेरिकन गायकाच्या गौरवाचा कार्यक्रम होता. ती मंचावर आली आणि हुर्यो सुरू झाली. ती हात पाठीमागे घेऊन उभी राहिली. ठरलेलं गाणं सुरू करू पाहणाऱ्या वादकांना तिने थांबवलं आणि तेच ‘वॉर’ पुन्हा म्हटलं, जवळजवळ ओरडून. तिला मंचावरून खाली न्यायला क्रिस क्रिस्टोफरसन या ज्येष्ठ गायकाला पाठवलं होतं. त्याने नेलं नाही. तिच्या कानात धीराचे दोन शब्द सांगितले.

महोदय, तुमच्याकडेही तेव्हा कुणीतरी मला खाली उतरवायला सांगितलं असेल. ‘वरून फोन आला’ असं एक सदस्य बोलून गेले. वरून म्हणजे कुठून, ते मी विचारते आहे.

चर्चच्या आसऱ्याने मुलांवर अत्याचार होतात आणि ते झाकले जातात, असं तिचं म्हणणं. ते खरं होतं की खोटं? मे २००९ मध्ये आयर्लंडच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला, रायन अहवाल म्हणतात त्याला. नऊ वर्षांचं काम, पाच खंड. हजारावर स्त्री-पुरुषांनी लहानपणी धार्मिक संस्थांमध्ये आपल्यावर काय गुदरलं ते सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डब्लिनच्या धर्मप्रांताबद्दलचा मर्फी अहवाल आला. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की तक्रारी हाताळताना गुप्तता राखणं, बोभाटा टाळणं, चर्चची अब्रू आणि मालमत्ता वाचवणं याला महत्त्व होतं, मुलांना नव्हतं. मार्च २०१० मध्ये खुद्द पोप बेनेडिक्ट यांनी आयर्लंडच्या कॅथलिकांना पत्र लिहून खेद व्यक्त केला. फेब्रुवारी २०१३ मध्ये पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत मॅग्डलीनच्या स्त्रियांची माफी मागितली. ज्या संस्थेच्या भावना दुखावतील म्हणून तुम्ही कार्यक्रम रद्द केलात, त्या संस्थेच्या प्रमुखानेच २०१० साली चूक मान्य केलेली आहे.

आणि नागपुरात कुणाच्या भावना दुखावल्या? मी विचारलं, लेखी तक्रार दाखवा. तक्रार नाही, ‘शक्यता’ आहे, असं उत्तर मिळालं. आमच्या कीबोर्डवरचा मुलगा दर रविवारी सदर भागातल्या एका चर्चमध्ये प्रार्थनेला साथ करतो. त्याने घरी विचारून, स्वतः सगळं वाचून, मगच होकार दिला होता. “मॅडम, माझ्या नावाने त्यांनी परस्पर का ठरवलं?” हा त्याचा प्रश्न आहे, माझा नाही. त्याला तुम्ही उत्तर द्यावं.

राष्ट्रगीताचं थोडक्यात. ऑगस्ट १९९० मध्ये न्यू जर्सीतल्या एका रंगमंचावर कार्यक्रमाआधी अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवायची पद्धत होती. तिने सांगितलं, ते वाजलं तर मी गाणार नाही. ती आयरिश होती, तिचा त्या गीताशी संबंध नव्हता आणि गाण्याच्या मैफलीचाही नाही, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी त्याच मंचावर फ्रँक सिनात्रा या अमेरिकन गायकाने तिला लाथ घालण्याची भाषा केली. या प्रकरणात आपल्या राष्ट्रगीताचा अवमान कुठे आला? आमच्या मुली ‘जन गण मन’ला ताठ उभ्या राहतात. मीही राहते.

धर्म बदलल्याचं कारण मात्र ऐकून मी खुर्चीतच सुन्न झाले. तिने २०१८ साली इस्लाम स्वीकारला. हे कारण तुम्ही नागपुरात सांगता? तुमच्या सभागृहापासून दीक्षाभूमी रिक्षाने किती मिनिटांवर आहे? १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो माणसांसोबत इथेच धम्म स्वीकारला आणि दरवर्षी त्या दिवसासाठी आपलं शहर दारं उघडून बसतं. रेशीमबागेतलं मोठं सभागृह ज्यांच्या नावाने उभं आहे, त्या सुरेश भटांनीही बौद्ध धम्म स्वीकारला होता. माणसाने आपला देव आपण ठरवावा, हे या शहराला कुणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही.

तिच्या मानसिक आजाराबद्दल बैठकीत जो शब्द वापरला गेला, तो मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी वापरला त्यांना तो आठवत असेल. ती स्वतःच्या आजाराबद्दल उघड बोलत आली, लोक तोंड लपवत होते त्या काळात. २०२२ च्या जानेवारीत तिचा १७ वर्षांचा मुलगा गेला. अशा आईबद्दल बोलताना आपण सगळ्यांनीच जीभ सांभाळावी.

तिचं सगळंच मला पटतं असं नाही. २०१८ मध्ये तिने मुस्लिमेतरांबद्दल जे लिहिलं ते वाईट होतं. पुढच्या वर्षी तिने त्याची माफी मागितली, ते बरं केलं. ती चुकायची, मोठ्याने चुकायची, आणि मग तितक्याच मोठ्याने कबूल करायची. पण रेकॉर्ड कंपनीने केस वाढव, आखूड कपडे घाल म्हटल्यावर डोकं भादरून येणारी, १९९१ साली ग्रॅमी हा संगीतातला मोठा पुरस्कार मिळत असताना हा सगळा पैशाचा सन्मान आहे म्हणून नाकारणारी ही बाई विकली गेली नाही. माझ्या मुलींना मी सूर शिकवू शकते. हे दुसरं मला तिच्याकडूनच शिकवावं लागतं.

गाणाऱ्याने फक्त गावं, बाकीच्यात पडू नये, असं एका ज्येष्ठ सदस्यांनी सांगितलं. माझे आजोबा चिमूरकडचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं म्हणणाऱ्या मंडळातले. १९४२ मध्ये महाराजांना इंग्रजांनी पकडून नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं, ते काय त्यांच्याकडे शस्त्रं होती म्हणून? हातात खंजिरी होती. खंजिरीवर जे म्हटलं जात होतं त्याची भीती होती. आज आपलं विद्यापीठ त्यांच्या नावाचं आहे. विदर्भातल्या माणसाला ‘गाणं आणि समाज वेगळे’ असं सांगू नका, महोदय. आम्हाला ते समजणारच नाही.

आता शेवटचं कारण, ‘तसले विषय कशाला’. इथे मला माझं सांगावं लागेल. ते मी ३८ वर्षं कुठे लिहिलेलं नाही.

मी अकरा वर्षांची होते. आमच्या वस्तीत एक पेटी शिकवणारे गुरुजी होते, फार मान होता त्यांना. ते शिकवताना मागून हात घालून बोटं पट्ट्यांवर ठेवायचे, आणि मग दुसरा हात. मी आईला सांगितलं. आईने क्लास बंद केला, पण कुणाला काही बोलली नाही, मलाही बजावलं, वाच्यता करू नको. पुढच्या वर्षी गणपतीत त्यांचा सत्कार झाला आणि गुच्छ द्यायला मला पुढे केलं. निशिगंधाची फुलं होती. दोरा ओला होता, त्याचं पाणी माझ्या मनगटावरून बाहीत गेलं. ते आठवतं. टाळ्या आठवतात. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोही आठवतो.

चार-पाच वर्षांनी शेजारच्यांकडे केबल आली. मुंडण केलेल्या एका मुलीचा चेहरा पडदाभर दिसला आणि गाता गाता तिच्या डोळ्यातून पाणी आलं. पुढे तिने फोटो फाडल्याचं भावाने पेपरात वाचून दाखवलं, सगळ्यांनी नावं ठेवली. मी काही बोलले नाही. मी गुच्छ दिला होता, तिने फोटो फाडला, एवढंच मनात येत राहिलं. त्या वर्षी मी पेटी कायमची सोडली आणि सीताबर्डीहून एक जुनी गिटार आणली.

म्हणून १०९८. म्हणून ती दहा मिनिटं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर असा प्रकार झाल्याचं ज्याला कळतं, त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. माझ्या आईच्या वेळी हा कायदा नव्हता, आणि तिला मी दोष देत नाही. आता आहे. तुमच्या सभागृहात दर आठवड्याला लहान मुलांच्या नाचगाण्याच्या स्पर्धा होतात, शेकडो मुलं विंगेत कपडे बदलतात. हा विषय तिथे नाही बोलायचा तर कुठे बोलायचा?

या सगळ्यापेक्षा एक गोष्ट मला जास्त लागली. तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या दोन विद्यार्थिनींच्या घरी फोन केले. ‘मुलीला कुठे पाठवताय, जरा बघा,’ असं सांगितलं. फोन नंबर आमच्या अर्जावरून घेतले, दुसरीकडून मिळण्याचा प्रश्नच नाही. त्यातली एक १७ वर्षांची. ‘वॉर’ तीच म्हणणार होती. त्या गाण्याला साथ नाही. सूर सुटला तर धरायला गिटार नाही, आणि श्वास कुठे घ्यायचा ते आपलं आपण ठरवायचं. दोन महिने ती माझ्या गच्चीवर पाण्याच्या टाकीकडे तोंड करून म्हणत होती, कारण माझ्याकडे बघितलं की तिचा आवाज कापायचा. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा ती वळून, माझ्याकडे बघून म्हणाली. आता तीन दिवस झाले, ती आलेली नाही. हे नुकसान कोणत्या अनामत रकमेतून भरून देणार आहात?

माझ्या मागण्या साध्या आहेत. रद्द करण्याचा निर्णय कोणत्या तारखेच्या बैठकीत झाला, कोण हजर होतं, कोणत्या नियमाखाली झाला, हे मला लेखी द्या. तोंडी सांगितलेली कारणं खरी असतील तर तीही त्याच कागदावर लिहा. नसतील तर मागे घ्या. त्या दोन घरी स्वतः जा किंवा फोन करा, आणि मुलीचा काही दोष नव्हता हे आईवडिलांना सांगा. ही मागणी मी सोडणार नाही. अर्जावरचे नंबर यापुढे असे वापरले जाणार नाहीत, याची हमी द्या. मंजूर झालेला कार्यक्रम ऐनवेळी रद्द करायचा असेल तर अर्जदाराचं म्हणणं आधी ऐकून घेतलं जाईल, असा नियम करा. तो फक्त माझ्यासाठी नको, उद्या नाटकवाले येतील, शाहीर येतील, त्यांच्यासाठीही हवा. आणि २६ तारखेचं आरक्षण पूर्ववत करा. त्या संध्याकाळी सभागृह दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही, हे तुमच्याच फलकावर दिसतं आहे.

अनामत परत घ्यायला या, असा निरोप काल आला. ती मी घेणार नाही. सध्या तरी नाही.

२२ जुलैपर्यंत उत्तराची वाट बघते. तालीम रोज संध्याकाळी सहाला सुरूच आहे. तुमच्यापैकी कुणाला येऊन ऐकायचं असेल तर जरूर या, चहा घेऊ. २६ ला मुली साडेसहाला जमतील. सभागृहाचं दार उघडं असेल तर तिथे, नसेल तर माझ्या गच्चीवर, आणि पाऊस लागला तर जिन्यात. जिन्यात आवाज चांगला घुमतो, आम्ही बघून ठेवलं आहे. ‘वॉर’ यादीत सातव्या क्रमांकावर आहे. ती मुलगी आली नाही तर त्या जागी दुसरं कुणी म्हणणार नाही. तेवढा वेळ आम्ही सगळे उभे राहू.

कळावे,

एक गिटार शिक्षिका
लक्ष्मीनगर, नागपूर
१८ जुलै